कालववाला काय म्हणाला?

एकदा मी इंग्लंडमधल्या चाळीसेक शेतकऱ्यांना गाभण ठरवलं होतं. मुद्दाम नाही. मेंढ्या पाळणाऱ्यांची सभा होती, बोलणारा गुरांचा डॉक्टर होता, आणि मेंढीला त्यांच्याकडे जो शब्द आहे त्याचा उच्चार 'यू' असा होतो. डॉक्टर म्हणाला, निम्म्या यू गाभण आहेत. मी टाइप केलं, 'तुमच्यापैकी निम्मे गाभण आहात.' पुढच्या सभेत मागच्या सभेचा वृत्तान्त वाचून दाखवायची त्यांच्यात पद्धत. तो वाचला गेला. त्या सभेचं ध्वनिमुद्रणही आमच्याकडेच आलं, आणि त्यात एका वाक्यानंतर जवळजवळ मिनिटभर नुसतं हसणं होतं. मी नियमाप्रमाणे 'हशा' असं लिहिलं आणि पुढचं वाक्य ऐकायला घेतलं.

बावीस वर्षं मी हे काम केलं. आपल्या मराठी मंडळात कोणी विचारलं, "वहिनी, तुम्ही नोकरी कसली करता हो?" की मी "ऐकण्याची" असं सांगायची, आणि समोरचा माणूस आमच्या यांच्याकडे सहानुभूतीनं बघायचा. काम साधं होतं. परदेशात कुठे बैठक होते, चौकशी होते, वकील कुणाची जबानी घेतो. त्याचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवरून कलकत्त्याला यायचं. आम्ही कानाला हेडफोन लावून ते ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. पायाखाली शिवणयंत्रासारखं एक पेडल असे. दाबलं की आवाज पुढे, टाच टेकली की दोन सेकंद मागे. एक तासाचं बोलणं लिहायला मला चार तास लागत. बोलणारे तावातावानं भांडत असले तर सहा.

कचेरी बालीगंजला, दुसऱ्या मजल्यावर. खाली शाळेच्या गणवेशांचं दुकान. आमचे हे रेल्वेत होते. नागपूरहून बदली होऊन आम्ही गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा माझ्याकडे इंग्रजी लघुलेखनाचं सर्टिफिकेट आणि मोकळी दुपार या दोनच गोष्टी होत्या. पुढे यांची निवृत्ती झाली, बेहाला भागात फ्लॅट घेतला, परत जायचं राहून गेलं. मी मात्र रोज बस आणि पुढे ऑटो करून बालीगंज गाठत राहिले.

आमच्या कामाचे नियम तीन. ऐकू आलं ते लिहायचं. ऐकू आलं नाही तिथे 'अस्पष्ट' लिहायचं. आणि समजलं म्हणून लिहायचं नाही. हा तिसरा नियम नवीन माणसाला पटतच नाही. माणसाचा कान फार आगाऊ असतो. अर्धं वाक्य ऐकलं की उरलेलं तो स्वतःच भरून टाकतो आणि वर शपथेवर सांगतो, हे मी ऐकलं.

तो नियम मी एकदा मोडला. एका गोदामातल्या चोरीची चौकशी होती. साक्षीदार म्हातारा कामगार, बोलताना सारखा अडखळायचा. "मी बघितलं, म्हणजे, नाही, म्हणजे तसं नीट... तो होता तिथे, म्हणजे असेल." हे काम देणाऱ्या गिऱ्हाइकानं सांगून ठेवलं होतं, अडखळणं काढून टाका, स्वच्छ वाक्यं द्या. मी दिली. "मी बघितलं. तो तिथे होता." महिन्याभरानं वकिलाचं पत्र आलं, मूळ आवाज पुन्हा ऐकावा अशी मागणी होती. ऐकल्यावर चूक लगेच सुधारली गेली. पण मधल्या काळात कोणीतरी एक माणूस माझ्या त्या दोन स्वच्छ वाक्यांमुळे कामावरून दूर बसून होता. त्याला परत घेतलं का, हे मला कळलं नाही. आमच्या धंद्यात शेवट कळत नाहीत. कान मधलाच तुकडा ऐकतो. पण तेव्हापासून कोणाचंही 'म्हणजे' काढताना माझा हात आखडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इंग्लंडनं युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं, ते दिवस. मतदान होऊन गेलं होतं, पण नेमकं कधी आणि कसं बाहेर पडायचं यावर तिकडे रोज चर्चा चालली होती. आम्हाला ते कळायचं वर्तमानपत्राच्या आधी, कारण कुठल्याही विषयावरची बैठक असली, अगदी वाचनालयाच्या छपराची, तरी चहानंतर गाडी तिथेच यायची. त्यातच समुद्रकाठच्या एका छोट्या गावाच्या समितीचं काम आमच्याकडे आलं. गावाचं नाव सांगणार नाही, गुप्तता पाळायचं आम्ही लिहून दिलेलं असतं. सात जणांची समिती. दर आठवड्याला संध्याकाळी जमायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा टेबलावर ठेवेपर्यंत त्यांचे आवाज माझ्या संगणकात येऊन बसलेले असायचे. त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून वर सरकारकडे पाठवायचं होतं: संक्रमणकाळ किती असावा?

हा संक्रमणकाळ म्हणजे काय, ते मला घरीच समजलं. एका रविवारी मी यांना विचारलं. हे रेल्वेत असताना वेळापत्रकाच्या कामात होते.

"अगं, सोपं आहे," हे म्हणाले. "नवं वेळापत्रक एक तारखेपासून लागू होतं की नाही? पण आदल्या दिवशी जुन्या वेळेनं सुटलेली गाडी एक तारखेला वाटेत कुठेतरी असणारच. ती हवेत विरून जात नाही. पुढच्या स्टेशनवर तिला जुन्या वेळेनं घ्यायची की नव्या? हे आधी ठरवून प्रत्येक स्टेशनला कळवावं लागतं. नाहीतर दोन गाड्या एकाच फलाटावर."

"आणि ठरवलं नाही तर?"

"मग मला रविवारी ऑफिसात बोलवायचे," हे म्हणाले.

तर देश संघातून बाहेर पडला तरी काही काळ जुनेच नियम चालू ठेवायचे, म्हणजे वाटेत असलेल्या गाड्या सुखरूप पोचतील, तो हा काळ. किती ठेवायचा यावरून त्या सात जणांची जुंपलेली असे. त्यांचे चेहरे आम्हाला दिसत नसत, म्हणून आम्ही नावं ठेवली होती. अध्यक्ष म्हणजे 'मास्तर', कारण ते खरोखरच निवृत्त शिक्षक होते आणि प्रत्येकाला तीनच मिनिटं बोलू देत. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ आणलेलं असे, ते टिकटिक करायचं आणि वेळ संपली की कर्कश वाजायचं. एक 'लॉरीवाली' होती. तिचे ट्रक बोटीत चढून समुद्रापार माल नेत. आवाज खणखणीत, प्रत्येक शब्द कापलेला, टाइप करायला सोन्यासारखी बाई. एक बेकरीवाला होता. त्याला संक्रमणकाळ मुळात नकोच होता.

"त्या काळात आपण त्यांचे सगळे नियम पाळायचे," तो म्हणायचा, "आणि नियम करताना मात्र आपल्याला खोलीत खुर्चीसुद्धा नाही. याला सुटका म्हणतात?"

आणि एक होता कालववाला. समुद्राच्या उथळ तळावर शिंपल्यांतली कालवं वाढवून विकणारा. कालवं मला माहीत, माझं आजोळ रत्नागिरीचं. तो सत्तरीच्या आसपासचा असावा. बोलणं तोंडातल्या तोंडात, शब्दांची शेवटची अक्षरं गिळून टाकायची सवय. त्यानं स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, हे तो दर बैठकीत सांगायचा. आणि लगेच म्हणायचा, "पण मी आज तळावर जे बी टाकलंय ते खाण्याजोगं व्हायला तीन वर्षं लागतात. ते बी कुठल्या नियमानं वाढतंय, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही."

मी हे यांना सांगितलं तेव्हा हे खूश झाले. "तो माणूस रेल्वेत चालला असता," म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत आमच्या कचेरीतही वाद रंगायला लागला. आम्ही अकरा माणसं, आणि कलकत्त्यात अकरा माणसं एकत्र आली की तेरा मतं होतात. आमचे मालक दत्तबाबू बेकरीवाल्याच्या बाजूचे. वयानं माझ्याहून लहान, अंगात सतत घाई.

"जायचं तर जा ना!" ते डब्यातली पोळी हलवत म्हणाले. "दारात उभं राहून तासभर बोलायचं कशाला?"

"दत्तबाबू, परवा तुमच्या आत्या इथून, कचेरीतून, आमच्यादेखत निघाल्या," अणिमादी शांतपणे म्हणाल्या. "दारात पन्नास मिनिटं उभ्या होत्या. मी मोजली."

अणिमादींची ओळख करून द्यायला हवी. त्या आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, ट्रंक कॉलच्या जमान्यापासून. निवृत्तीनंतर आमच्याकडे आल्या. खरखरीतून, पावसातून, तीन ठिकाणी जोडलेल्या तारेतून 'तार मिळाली' म्हणालाय की 'तार मिळाली नाही' हे ओळखण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अर्थाशी त्यांना काही देणंघेणं नसे. कालववाला, बेकरीवाला, युरोप, सगळं त्यांना सारखं. तासभराची बैठक टाइप करून झाल्यावर विषय काय होता असं विचारलं तर म्हणत, "ते मला काय विचारतेस? मी ऐकत होते."

मग ती बैठक आली. मास्तरांनी सांगितलं की चर्चा पुरे, आता एकेकाला विचारतो: दोन वर्षं पुरतील का? पत्र लिहायला घ्यायचं आहे. बेकरीवाला म्हणाला, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं जास्तच, पण चालेल. लॉरीवाली म्हणाली पुरणार नाहीत. असं करत करत तीन 'पुरतील' आणि तीन 'पुरणार नाहीत' झाले. उरला कालववाला. तो बोलायला लागला आणि बोलतच राहिला. बी, भरती, थंडीतली मर, मुलाला हा धंदा करायचा नाही, सगळं आलं. मास्तर म्हणाले, "पण दोन वर्षांचं काय?" आणि कालववाला जे वाक्य बोलला, त्याच्या नेमक्या मधोमध ती घड्याळाची घंटा वाजली.

वाक्य होतं, "आय कुडन्ट लिव्ह विथ टू यिअर्स." दोन वर्षांत माझं भागायचं नाही. निदान मी तरी तसं ऐकलं. पण 'कुड' म्हणजे भागेल आणि 'कुडन्ट' म्हणजे भागणार नाही. त्यांच्यात फरक शेवटच्या 'न्ट'चा, आणि कालववाला तर शेवट गिळणारा माणूस. त्यातून वर घंटा. मास्तरांनी "ठीक" म्हटलं, सभा संपली. मी 'कुडन्ट' टाइप करून पाठवून दिलं.

दोन दिवसांनी दत्तबाबू माझ्या टेबलाशी आले. हातात छापलेली ईमेल. समितीच्या चिटणिसांनी लिहिलं होतं की वृत्तान्तात टंकलेखनाची एक चूक आहे, ती दुरुस्त करून आजच पाठवावी. बैठकीत त्यांनी स्वतः 'भागेल' अशी नोंद घेतली आहे. त्यानुसार चार विरुद्ध तीन मतांनी दोन वर्षांची शिफारस ठरली आहे. पत्र तयार आहे, सोबत हा वृत्तान्त जोडायचा आहे.

"करून टाका, वसुधादी," दत्तबाबू म्हणाले. "एक अक्षर तर आहे."

"मी 'न्ट' ऐकलाय."

"चिटणीस तिथे हजर होते! तुम्ही बालीगंजला बसला आहात."

"ते घड्याळाशेजारी बसलेले आहेत, दत्तबाबू. दर बैठकीत टिकटिक आणि त्यांचा खोकला एकाच बाजूनं येतात. आणि हो, आपण 'न्ट' काढला तर तिकडे निकाल उलटा लागतो."

दत्तबाबूंनी खुर्ची ओढली. घाईचा माणूस खुर्चीवर बसला म्हणजे प्रकरण गंभीर. "हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "या गावाचं काम गेलं तर त्याच्या जिल्ह्याचं जाईल. जिल्ह्याचं गेलं तर दोघांना तरी मला घरी बसवावं लागेल. कोणाला बसवू ते तुम्हीच सांगा. आणि समजा, 'न्ट' तुमच्या मनातच असला तर? तुम्हाला तो म्हातारा आवडतो. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

हे खरं होतं. बी तीन वर्षांनी तयार होतं हे मला माहीत होतं. त्यानं 'भागणार नाही' म्हणावं असं मला वाटत होतं. मग माझ्या आगाऊ कानानं तो 'न्ट' घातला नसेल कशावरून? गोदामातल्या म्हाताऱ्याची दोन स्वच्छ वाक्यं मला आठवली. तेव्हाही मी शपथेवर सांगितलं असतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

दत्तबाबू उठले. "पाच वाजेपर्यंत," म्हणाले.

दुर्गापूजा चार दिवसांवर आलेली. समोरच्या मंडपात ढाक, म्हणजे इकडचे मोठे ढोल, वाजवणारे येऊन पोचले होते आणि सराव करत होते. अशात अर्ध्या सेकंदाचा आवाज ऐकायचा म्हणजे थट्टाच. मी अणिमादींना मागच्या जुन्या फायलींच्या खोलीत नेलं. दार लावलं, पंखा बंद केला, खिडकीच्या फटीत त्यांची शाल कोंबली. मी कसलाच संदर्भ सांगितला नाही. वाक्यातला फक्त तो एक तुकडा कापून घेतला होता, त्याच्या मागेपुढे काही नाही. 'लिव्ह'सुद्धा अर्धाच.

"काय ऐकू येतं ते सांगा," मी म्हटलं.

अणिमादींनी डोळे मिटले. एकदा ऐकलं. "घंटा," म्हणाल्या.

"घंटेच्या खाली."

पुन्हा ऐकलं. पाच वेळा, सात वेळा. घामानं आमच्या दोघींचे ब्लाऊज भिजले. बाहेर ढाक जोरात सुरू झाला की आम्ही थांबायचो आणि एकमेकींकडे बघत बसायचो. मी मनात विचारत होते, एवढा जीव का टाकतोय आपण? हजारो मैलांवरच्या समुद्रकाठी कालवं किती वर्षांत वाढतात याच्याशी बेहालातल्या बाईचा संबंध काय? पण अणिमादींचा चेहरा बघितला तर तो प्रश्न त्यांच्या आसपासही फिरकला नव्हता.

अकराव्या वेळी त्या म्हणाल्या, "कुणी माणूस आहे. म्हातारा. 'ड' म्हणताना जीभ वर लावलीय आणि ती तिथेच राहिलीय. मग आवाज नाकातून आलाय. थोडा. नंतर घंटा सगळं खाते."

"नाकातून? नक्की?"

"नाकातून आला नसता तर 'ड'नंतर जीभ सुटली असती. सुटलेली नाही." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि त्यावर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: कुडन्. "'ट' मी लिहिणार नाही. 'ट' घंटेनं खाल्लाय. मी ऐकलेला नाही."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण त्या शाल काढायला लागल्या होत्या.

मी तो कागद दत्तबाबूंपुढे ठेवला. त्यांनी हेडफोन लावून स्वतः ऐकलं. त्यांना घंटेशिवाय काहीच ऐकू आलं नाही, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग अणिमादींचा कागद पुन्हा हातात घेतला.

"अणिमादींना विषय सांगितला होता?"

"नाही."

"हं." त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "सांगा, काय लिहू?"

आम्ही लिहिलं की आमच्या दोन लेखनिकांनी हा शब्द स्वतंत्रपणे ऐकला आहे आणि दोघींनाही त्यात नकार ऐकू आला, म्हणून तो बदलता येत नाही. मात्र घंटेमुळे शब्दाचा शेवट अस्पष्ट आहे, तशी टीप जोडली आहे. ध्वनिमुद्रणातली नेमकी जागा कळवत आहोत. बोलणाऱ्या गृहस्थांनाच ती ऐकवावी, ही विनंती. दत्तबाबूंनी शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: घड्याळ मायक्रोफोनपासून दूर ठेवल्यास बरे पडेल. आणि विचार बदलायच्या आत पाठवून मोकळे झाले.

उत्तर आलं नाही. पूजेच्या सुट्ट्या लागल्या. बेहालातले मंडप बघताना मी यांना म्हटलं, "सुट्टीनंतर मी घरीच असेन बहुतेक."

"मग दुपारचा चहा मी करायचा नाही ना?" हे म्हणाले. एवढाच आधार.

सुट्टीनंतर पहिल्या सकाळी मी गेले तर संगणकात त्या गावाची नवी बैठक येऊन पडलेली. दत्तबाबू माझ्या खुर्चीमागे उभे. मी सरळ आवाज स्पीकरवर लावला, सगळे जमले. पहिली गोष्ट आम्हाला कळली ती ही, की घड्याळाची टिकटिक खूप लांबून येत होती.

चिटणिसांनी खुलासा केला, घसा साफ केला, आणि तो तुकडा वाजवला. घंटा. पुन्हा वाजवला. घंटा. चार वेळा झाल्यावर मास्तर म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हणाला होता?"

"मला काय आठवतंय?" कालववाल्याचा आवाज. "पण दोन वर्षांत भागेल असं मी म्हणालो असेन तर मला कोणीतरी घरी पोचवा. माझं डोकं ठिकाणावर नाही."

कचेरीत टाळ्या पडल्या. अणिमादींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण बैठक चालू होती.

मला वाटलं, झालं, आता चार विरुद्ध तीन उलट्या बाजूनं. पण लॉरीवाली म्हणाली की एका गिळलेल्या अक्षरावर आपण पत्र लिहायला निघालो होतो, तर एका मतावर तरी कशाला लिहायचं? पुन्हा बोलू. आणि ते पुन्हा बोलले. दीड तास. बेकरीवाल्यानं पहिल्यांदाच कालववाल्याला प्रश्न विचारला, उत्तर ऐकण्यासाठी विचारला. "आज टाकलेलं बी सोडलं, तर पुढच्या बियांसाठी तुला किती वेळ हवा?"

कालववाला म्हणाला, "पुढच्यांसाठी? पुढचं बी टाकायचं की नाही हे मला तेव्हा ठरवता येईल. अडकलंय ते आधीच पाण्यात असलेलं."

"माझा पाव सकाळी भाजतो आणि संध्याकाळी संपतो," बेकरीवाला म्हणाला. "मला एक दिवसही नको. पण पाण्यात आहे ते तू वर ओढून लवकर मोठं करू शकत नाहीस, हे मला कळतं."

शेवटी त्यांनी लिहिलं ते असं: सर्वांसाठी दोन वर्षं, आणि बाहेर पडण्याच्या दिवशी जे पाण्यात, शेतात किंवा वाटेत असेल ते तयार होऊन पोचेपर्यंत जुना नियम. सातही जणांनी मान्य केलं. घरी सांगितलं तेव्हा यांनी ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर केलंय."

त्या पत्राचं पुढे काय झालं, विचारू नका. तशी पत्रं गावोगावहून गेली असतील. प्रत्यक्षात ठरला तो काळ त्यांनी मागितला त्याहून बराच कमी होता, आणि पुढे शिंपल्या-कालवांचा व्यापार करणाऱ्यांच्या अडचणींच्या बातम्या वाचल्या तेव्हा मी तो आवाज आठवून हळहळले. आता त्या कामाचा पहिला मसुदा यंत्रच करतं. चांगलं करतं. 'यू' म्हणजे मेंढी हेही त्याला कळतं. घंटेच्या खालचं कळतं का, हे मला ठाऊक नाही. मी निवृत्त झाले तेव्हा दत्तबाबूंकडे सात माणसं होती, आणि त्या गावाचं काम तेव्हाही चालू होतं.

त्या समितीची अखेरची बैठक मीच टाइप केली. मास्तरांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. आमच्या नियमानं तिथे थांबायचं असतं. सभा संपल्यानंतरचं बोलणं खाजगी, ते लिहायचं नाही. पण यंत्र बंद करायचं ते विसरले होते, आणि माझाही पाय पेडलवरून निघाला नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. लॉरीवाली कोणाला तरी म्हणाली, "तू जरा शब्द पूर्ण करत जा. तिकडे कलकत्त्यात बायका ऐकत बसतात."

मग पावलं जवळ आली. कोणीतरी मायक्रोफोनवर बोट वाजवून बघितलं. आणि कालववाला अगदी जवळून, शाळेतल्या मुलानं पाठ म्हणावा तसा एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आय. कुड. नॉट. बी. मोअर. ग्रेटफुल." यापेक्षा जास्त आभारी मी होऊच शकत नाही.

मी हेडफोन अणिमादींच्या कानाला लावला आणि तेवढंच पुन्हा वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि आपल्या कामाकडे वळता वळता म्हणाल्या,

"'नॉट' अगदी स्पष्ट आहे."